रात्र ऐरोलीकराची आहे

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये लोकशाही आतूनच बसवून आलेली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. रात्र झाली की बिछान्यात आडवं व्हायचं. ओव्हरवर्ल्डमधले, म्हणजे गेमच्या मुख्य जगातले, सगळे आडवे झाले की उजाडतं. सगळे म्हणजे सगळे, कारण 'प्लेयर्स स्लीपिंग पर्सेंटेज' हा नियम मुळात १०० वर असतो. नौपाड्यापासून नेरुळपर्यंत अकरा जण निजलेले आणि ऐरोलीचा एक महाभाग खाणीत कोळसा फोडत बसलेला असला, की ती रात्र वैऱ्याची नसते, ऐरोलीकराची असते.

आकडा ५० वर आणला की निम्म्यांत भागतं. पण ५० करायचा की ३०, हे मतदानाने ठरवायचं, आणि आमच्या ठाणे-नवी मुंबई सर्व्हरचा, म्हणजे आम्ही सगळे मिळून खेळतो त्या जगाचा, निवडणूक अधिकारी मी. मानधन शून्य, शिव्या खाडीच्या दोन्ही काठांवरून.

पोल म्हणजे दोन बोटांचं काम, असा लोकांचा समज. व्हॉट्सॲपवर टाका, बारा पर्यायांपर्यंत जागा आहे. आहे की! पण कुणी काय दाबलं ते तिथे नावानिशी दिसतं आणि आकडा सगळ्यांसमोर हलत राहतो. पहिली चार मतं जिकडे, तिकडे पाचवा. सहावा ॲडमिनचं नाव शोधतो आणि त्याच्या मागे उभा राहतो. म्हणून गूगल फॉर्म, आणि त्यातला निकालाचा सारांश दाखवणारा पर्याय बंद. 'एकच उत्तर' चालू केलं तरी ते माणशी नव्हे, खात्यामागे एक असतं. तीन जीमेल खाती असलेला सद्गृहस्थ तीनदा राष्ट्रीय कर्तव्य बजावतो. तेव्हा प्रत्येक मतदाराला एक कोड. कोड वाटणाऱ्याने फॉर्म उघडायचा नाही, फॉर्म उघडणाऱ्याला कोड कुणाचा ते ठाऊक नसावं. एक ठाण्याचा, एक वाशीचा. दोघांचं पटत नसेल तर फारच उत्तम.

खरी मारामारी मतदार यादीवर. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचं खातं फुकट मिळतं, म्हणून यादी सर्व्हरच्या व्हाइटलिस्टवरून, म्हणजे आत यायची परवानगी असलेल्यांच्या नावांवरून करायची. अट : गेल्या ३० दिवसांत १० तास खेळ. सर्व्हर खेळाचा वेळ टिकमध्ये मोजतो, सेकंदाला २० टिक, म्हणजे ७,२०,००० टिक. हा आकडा एकूण असतो, त्यामुळे महिन्याच्या दोन टोकांना नोंद घेऊन वजाबाकी करावी लागते. तरीही गळ टाकून, माउसवर वजन ठेवून रात्रभर मासे पकडणारा पात्र ठरतोच. त्यावर इलाज मला अजून सुचलेला नाही. यादी मात्र प्रश्न जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी गोठवायची, नाहीतर आतेभाऊ, मामेभाऊ आणि क्लासमधली अख्खी बॅच आमच्या जगात स्थायिक व्हायला येते.

मग प्रश्न. 'जुनं, अडखळणारं जग बंद करून छान नवं सुरू करावं का?' हे भाषण झालं. प्रश्न असा हवा : 'मेल्यावर सामान खेळाडूकडेच राहावं का? सध्या ते जमिनीवर पडतं आणि आसपास कुणी असेल तर ५ मिनिटांत नाहीसं होतं.' दोन्ही बाजूंच्या एकेकाने मजकुरावर होकार दिल्याशिवाय पोल उघडायचा नाही.

पर्यायांत तर निकालच पुरलेला असतो. २४ मतं घ्या : नवं जग १०, जुनंच राहू दे ८, जुनंच पण सीमा वाढवा ६. नवं जग जिंकलं! आणि चौदा जण आपापल्या जुन्या घराच्या उंबऱ्यावर रडत बसले. पसंतीक्रम विचारला असता तर सहांची दुसरी पसंती बहुधा आठांकडे गेली असती. ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या गेमवाले २००८ पासून खेळाडूंचं प्रतिनिधी मंडळ निवडतात. तिथेही मतं पसंतीक्रमानेच घेतात. आम्ही मेलो असतो तरी हे आम्हाला सुचलं नसतं.

कोरम, म्हणजे किमान हजेरी, ही तर सोसायटीकडून आलेली वारसाहक्काची व्याधी. तिथे कोरम भरला नाही की अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तहकूब सभा भरते. आमच्याकडे ४० मतदार, कोरम २०. हो म्हणणारे १५, नाही म्हणणारे ६ : एकूण २१, ठराव मंजूर. तेच सहा जण तलावपाळीला भेळ खायला गेले, तर मतं १५, कोरम नाही, ठराव आडवा. मत देण्यापेक्षा भेळ जास्त प्रभावी! म्हणून हजेरी मोजायचीच नाही. यादीतल्या एक तृतीयांशांनी 'हो' म्हटलं पाहिजे, आणि पडलेल्या मतांत बहुमत हवं. मोठे बदल असतील तर बहुमताचा उंबरठा चढवा. ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन गेममध्ये नव्या गोष्टीला ७५ टक्के मतं लागायची. २०२२ मध्ये ते ७० वर आले. उंबरठा मतदान सुरू होण्याआधी जाहीर व्हायला हवा. मोजणी चालू असताना तो हलवणाऱ्याला आमच्याकडे तीन दिवस सर्व्हरबंदी.

मुदत सात दिवस, बंद रविवारी रात्री ९ वाजता. गणपती आणि बारावीची परीक्षा वर्ज्य. बरोबरी झाली तर जैसे थे.

आणि अपूर्णांक. पाच जण ऑनलाइन असले तर ५० टक्के म्हणजे अडीच, आणि गेम मुकाट्याने तीन बिछाने मागतो. आमच्या ४० चे एक तृतीयांश १३.३३ होतात. ते १४ धरायचे की १३, याचा पोल सध्या चालू आहे.