भाजणीत मजुरी धरली का?

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी मला तसला एक व्हिडिओ पाठवतंच. सासू-सुनेनं स्वयंपाकघरातून सुरुवात केली, भांडवल पाच हजार, कल्पना अगदी साधी, आज माल परदेशात जातो. मागे बासरी. सासू हसतेय, सून कढईत झारा फिरवतेय, मुलगा लॅपटॉप उघडून बसलाय. पाठवणाऱ्याचं म्हणणं एवढंच की बघा, तुमच्या भाजणीचंही असंच करा की!

मला त्या व्हिडिओत वही बघायची असते आणि ती कधीच दाखवत नाहीत. त्या सुनेच्या नावापुढे दरमहा काही आकडा पडतो का, एवढंच मला हवं असतं.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका कर सल्लागारांकडे मी छोट्या धंद्यांचे हिशोब लिहिते. खाकरेवाले, शिवणकामवाले, ट्यूशनवाले, गणपतीच्या मूर्ती करणारे. शिवाय घरात आमची स्वतःची भाजणी आहे. तेव्हा जे लिहिते आहे ते दोन्हीकडचं बघून. कल्पनेला आपण फार भाव देतो. भाजणी विकावी ही कल्पना दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी बाईला सुचू शकते, आणि सुचलेलीही असते. घरचा धंदा बुडतो किंवा घर फुटतं ते घरच्या माणसांचे हात फुकट धरल्यामुळे.

आमच्या घरची सुरुवात सांगते. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, हाताला चव. दिवाळी आली की वाड्यातल्या चार घरांची चकलीची भाजणी त्याच करायच्या. मग कुणाची अलकापुरीतली मैत्रीण, कुणाची बंगलोरला गेलेली मुलगी, असं वाढत गेलं. शेजारच्या बेननी एकदा डबा उघडून वास घेतला आणि विचारलं, "आ लोट शेनो छे?" म्हणजे, हे पीठ कशाचं? त्यांना थालीपीठ करून खायला घातलं. ढेबरं म्हणजे गुजरात्यांची बाजरीच्या पिठाची, मेथी घातलेली भाकरी; ती खाणाऱ्या घरातल्या माणसाला थालीपीठ समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दोन नणंदांसाठी दोन-दोन किलोची मागणी आली.

पैसे घेताना सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डाळ-तांदळाची किंमत, वर दहा रुपये, झालं. मग धाकट्या दिरांची मकरपुऱ्याची नोकरी सुटली आणि त्यांनी हे हातात घेतलं. पिशवीवर लेबल आलं, अन्नसुरक्षेची नोंदणी होऊन चौदा आकडी नंबर आला, दुकानात माल ठेवणं सुरू झालं. भाऊजी धडपडे आहेत, त्यात शंकाच नाही. हाथीखान्याच्या धान्यबाजारात पहाटे जाऊन डाळ हातावर घेऊन निवडून आणणारा माणूस. पण काम कोण करत होतं? जाऊबाई.

आता भाजणी म्हणजे नेमकं काय काम, ते न केलेल्यांसाठी सांगते, कारण व्हिडिओत ते चार सेकंदांत उरकतं. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, मग धणे-जिरे, हे बहुतेक घरांचं माप. तांदूळ धुऊन जुन्या धोतरावर सावलीत पसरायचे, उन्हात नाही. डाळी निवडायच्या. मग प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण हरभऱ्याच्या डाळीला लागणारा वेळ उडदाला दिला की उडीद करपला. आच मंद. झारा थांबवायचा नाही. तांदूळ हलका होऊन झाऱ्याखाली सळसळायला लागतो, उडीद बदामी होतो, धण्याला नुसता चटका. परातीत पसरून पुरतं गार होऊ द्यायचं, घाई करून कोमट दळलं आणि पिशवीत बंद केलं तर आत वाफ धरते आणि पीठ गोळा होतं. बाहेर दळायला न्यायचं तर घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीत, आधी कुणाचं काय दळलंय ते विचारायचं, कारण उपासाच्या भाजणीत गव्हाचं पीठ आलं तर गिऱ्हाईक आयुष्यात परत येत नाही. मग चाळणं, वजन, सील, लेबल, खरकटं, ओटा. हे सगळं उभ्यानं.

यातली एकही गोष्ट वहीत नव्हती. वहीत होतं डाळ, तांदूळ, गॅस, दळण, पिशव्या, स्कूटरचं पेट्रोल. भाऊजींना मी एकदा कागदावर मांडून दाखवलं. आकडे समजण्यापुरते आहेत, पण मांडणी तीच. समजा, किलोच्या पाकिटाला माल, गॅस, दळण, पिशवी मिळून १३० रुपये पडले आणि विक्री २००. सुटले ७०, घर खूश. आता दहा किलोच्या घाण्याला दोन बायकांचा अर्धा दिवस जातो, म्हणजे एका माणसाचा पूर्ण दिवस. त्याची मजुरी ४५० धरली तर किलोमागे ४५. उरले २५. दुकानदार १५ टक्के कमिशन मागतो, २०० वर झाले ३०. म्हणजे दुकानात गेलेल्या प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये तोटा. शिवाय भाजताना वजन घटतं, दहा किलो धान्याची दहा किलो भाजणी होत नाही, ते मी अजून धरलेलंच नाही. आणि जितकी दुकानं वाढवू तितका तोटा वाढणार, फक्त तो दिसणार नाही. तो जाऊबाईंच्या पाठीत जाणार.

"पण घरच्या घरात कसला पगार?" भाऊजी म्हणाले. हे वाक्य मी ऑफिसात इतक्या तोंडून ऐकलंय की मला आता पाठ आहे. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "सगळं तिचंच तर आहे." सगळं तिचं असेल तर बँकेत सही कुणाची चालते हो?

त्या दिवशी काही निघालं नाही. निघालं ते आषाढीच्या तोंडावर. जाऊबाईंच्या आई आजारी पडल्या, जाऊबाई ग्वाल्हेरला माहेरी गेल्या, आणि उपासाच्या भाजणीच्या ऑर्डरी तर घेऊन ठेवलेल्या. वरी, साबुदाणा, राजगिरा पोत्यांनी येऊन पडलेला. भाऊजींनी धावपळ करून दोन बायका रोजावर आणल्या. त्यांनी आल्या आल्या रोज किती ते सांगितलं, चहा दोन वेळा ठरवला आणि सहा वाजता पदर खोचलेला सोडून निघाल्या. साहजिकच आहे. आठवड्याअखेर वहीत "मजुरी" नावाची ओळ पहिल्यांदा आली आणि तिच्यापुढचा आकडा बघून भाऊजी गप्प बसले. जाऊबाई परत आल्यावर ती ओळ काढून टाकायची की ठेवायची, एवढाच प्रश्न उरला होता.

तो सासूबाईंनी सोडवला, आणि मला तरी त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. म्हणाल्या, "मुलांवर माझी माया होतीच की, म्हणून काही शाळेनं माझा पगार बंद केला नाही." जाऊबाईंचा पगार सुरू झाला, त्यांच्या स्वतःच्या खात्यात.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. भाव वाढवावा लागला. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटली. नात्यातल्या एका काकूंनी "आता तुम्ही व्यापारी झालात" असं हळदीकुंकवात ऐकवलं. दोन दुकानांतून माल काढून घेतला. तयार चकल्या करणं बंद केलं, कारण मजुरी धरल्यावर त्यात काही राहतच नव्हतं. तोवर आम्हाला वाटत होतं चकलीवरच जास्त सुटतं! त्या वाचलेल्या वेळात थालीपीठ आणि उपासाची भाजणी वाढवली. घरघंटी घेतली. त्या रोजावरच्या दोघींपैकी एक आता कायमची आहे. नवरात्रात गल्लीतल्या सगळ्या मुली रात्रभर गरबा करून दुपारपर्यंत झोपतात आणि आमच्याकडे चकलीच्या भाजणीचे घाणे सकाळी सातला सुरू होतात, पण सातला येणाऱ्या प्रत्येकीच्या नावापुढे आकडा आहे. धंदा कोटीत वगैरे नाही. चालतो, आणि घर एका पंगतीला बसून जेवतं.

आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना धंद्याचं वळण तसं कमीच. गायकवाडीत पूर्वज आले ते फौजेत, दफ्तरात, शाळेत चिकटले. सोय नव्हती असं म्हणायला मात्र जागा नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली. १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी सुरू करणाऱ्यांत कलाभवनाचे गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर प्राध्यापक कोटिभास्कर होते. हे नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? शेजारची गुजराती घरं दिवाळीत चोपडापूजन, म्हणजे हिशोबाच्या वह्यांची पूजा, करतात, लाभपाचमेला मुहूर्त करून दुकान उघडतात. आपण त्यांच्याकडून दसऱ्याचा फाफडा-जलेबी तेवढा उचलला. अर्थात त्या लाल चोपड्यातही घरातल्या बायकांचे हात क्वचितच लिहिलेले असतात, हे मी ऑफिसात रोज बघते. तेव्हा तिकडे बोट दाखवूनही आपली सुटका नाही.

हात लिहिण्याचं उदाहरण हवं असेल तर ते लिज्जतचं. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, उसने ८० रुपये. ही गोष्ट सगळे सांगतात आणि ८० रुपयांवर येऊन थांबतात. मला त्यातली वणाई महत्त्वाची वाटते. जितके पापड लाटले त्याची मजुरी लाटणारीला मिळणार, आणि लाटणारी प्रत्येक जण मालकीणही आहे. तिथं कुणी कुणाची सून नव्हती, म्हणून हे जमलं, असं मला राहून राहून वाटतं. घरातल्या घरात हेच करायला नात्याची भीड आड येते.

आणि ज्यांना वाटतं की हे बायकी कुरबुरीचं प्रकरण आहे, त्यांनी १९३२ चा भागीदारी कायदा उघडावा. कलम १३. भागीदारांत वेगळं ठरलेलं नसेल तर धंद्यात काम करण्याबद्दल भागीदाराला मेहनताना मागता येत नाही, आणि नफा-तोटा सर्वांत समान. म्हणजे तीन भावांपैकी एक दिवसभर गल्ल्यावर आणि दोन नुसते नावाला, तरी वेगळं काही ठरलेलं नसेल तर तिघांना सारखंच. पहिली पाच वर्षं हे कुणाला बोचत नाही. मुलांच्या कॉलेजच्या फिया सुरू झाल्या की बोचतं, आणि तोवर कोणी किती केलं हे सांगायला कागद नसतो, नुसत्या आठवणी असतात. कलम ४२ त्याहून वाईट: करारात काही लिहिलेलं नसेल तर एक भागीदार वारला की भागीदारीच संपते. सुतकात सह्या गोळा करत फिरणारी घरं मी पाहिली आहेत.

एक बारीक गोष्ट, कारण नंतर इनबॉक्समध्ये हेच विचारतात. धंदा एकाच्याच नावावर असेल तर आयकराच्या कागदात त्या मालकाला स्वतःचा पगार खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण सून, भाऊ, आई खरंच काम करत असतील आणि रक्कम वाजवी असेल तर त्यांचा पगार खर्चात धरता येतो, मात्र ते त्यांचं उत्पन्न झालं. मालकानंही घरच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, आपल्या कामाची रक्कम लिहावीच. सरकारसाठी नाही हो, भाव ठरवताना उपयोगी पडते. मुद्रा कर्जाचं काय, असंही पुष्कळ जण विचारतात. योजना २०१५ पासून आहे, पन्नास हजारांपर्यंतच्या शिशु गटाला तारण लागत नाही. घ्या. पण घरच्यांची मजुरी धरून नफा उरतोय का ते आधी बघा. तोट्यातला घाणा कर्ज काढून मोठा करण्यात काय हशील?

भाऊजींनी ही पोस्ट आधी वाचली आहे. त्यांचं म्हणणं, मी त्यांना उगाच खलनायक केलं, आणि हाथीखान्याचा उल्लेख दोन ओळींचा तरी हवा होता. त्यांचाही पगार वहीत आहे, जाऊबाईंइतकाच, हे त्यांच्या आग्रहावरून इथं नोंदवते.

कुणाकडे घरच्यांना पगार न लिहिता दोन-तीन पिढ्या सुरळीत चाललं असेल तर खाली जरूर लिहा, मला खरंच वाचायचं आहे. फक्त लिहिण्याआधी घरातल्या बायकांना एकदा विचारून घ्या.