सेव्ह केलं होतं का, हे मला विचारू नका

हो, केलं होतं. कंट्रोल-एस दाबलं, खाली हिरवी खूण आली, 'प्रोजेक्ट सेव्ह झाला' असं आकडेवारी तपासायच्या त्या सॉफ्टवेअरने स्वतः लिहून दाखवलं, आणि मग लाइट गेली. मे महिन्यात जळगावात भर दुपारी लाइट जाणं काही जगावेगळं नाही, ४५ अंशांत अख्ख्या गावाचे कूलर एकदम चालू असतात. पण सेव्ह झालेलं काम लाइट गेली म्हणून कसं जातं? आणि लोक पहिला प्रश्न मलाच विचारतात. "सेव्ह मारलं नव्हतं का भो?" डोकं फिरतं माझं.

लाइट आल्यावर प्रोजेक्ट उघडायला गेलो तर म्हणे, 'हा प्रोजेक्ट दुसऱ्या कोणीतरी उघडलेला आहे.' कोण दुसरा? खोलीत मी एकटा! बंद पडताना त्यानेच स्वतःची लॉक फाइल, म्हणजे 'प्रोजेक्ट वापरात आहे' अशी खूण, फोल्डरमध्ये टाकून ठेवली होती आणि परत आल्यावर त्याला ती स्वतःची म्हणून ओळखता येईना. ती हुडकून उडवली. मग पुढचा संदेश, 'फाइल वाचता येत नाही.' फोल्डरमध्ये फाइल तर दिसते. नाव तेच, आकार नेहमीएवढाच. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली तर काळ्या चौकटींत नल, नल, नल, नल, म्हणजे नुसती रिकामी जागा. वरपासून खालपर्यंत तेच. एक अक्षर नाही कामाचं.

हे असं का होतं ते गुपित नाही. लिहायला दिलेला मजकूर विंडोज आधी मेमरीत धरून ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मधेच वीज गेली तर फाइलचं नाव आणि आकार यांची नोंद टिकते, पण पोटातला मजकूर टिकेलच याची हमी नसते. यावर इलाज आहे आणि तो फार जुना आहे. नवी प्रत जुनीच्या शेजारी वेगळ्या नावाने लिहायची, ती डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबायचं, आणि मगच तिला जुन्याचं नाव द्यायचं. अधेमधे काहीही झालं तरी दोन्हींपैकी एक प्रत शाबूत राहते. एसक्यूएलाइट हा फुकटचा डेटाबेस २००० सालापासून आहे, आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये बसलेला आहे, आणि ऐन लिहिताना वीज गेली तरी सावरायचं या हिशोबानेच तो बांधलाय. फुकटच्याला जमतं, आणि लायसन्सचे पैसे मोजून घेतलेल्या या पसाऱ्याला जमत नाही? जुन्या चांगल्या फाइलवरच नवी लिहीत सुटायचं आणि डिस्कवर काही उतरायच्या आधीच हिरवी खूण दाखवायची, याला मी खोटं बोलणंच म्हणतो.

आणि गेलं काय, तेही ऐका. कारण "परत चालव ना, किती वेळ लागतो" असं म्हणणारे काही कमी नाहीत. रावेर, सावदा, चोपडा इथले केळीचे भाव, बऱ्हाणपूरच्या लिलावाचे भाव आणि हवामानाची नोंद, हे सगळं एकत्र करून भाव कधी पडतो ते शोधत होतो. गणित परत चालवता येतं, मान्य. पण एका फाइलीत सावदा आणि दुसरीत सावदे, ते एकच आहे हे मी ठरवलं होतं. एकीकडे भाव क्विंटलचा, तर मधेच चार ओळी कोणीतरी किलोच्या भरलेल्या. नवती, पिलबाग आणि वापसी ही वेगवेगळ्या भावाची केळी एकाच रकान्यात कोंबलेली. 'फरक', म्हणजे मूळ भावावरची भर, कुठे वेगळा दिलेला, कुठे भावातच मिळवलेला. आणि शून्य! काही ठिकाणी शून्य म्हणजे त्या दिवशी खरेदी बंद, काही ठिकाणी शून्य म्हणजे भरणाऱ्याने रकाना सोडून दिला. एका जूनमधली शून्यं समजेनात म्हणून रावेरकडच्या एका व्यापारी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, तेव्हा वादळाने बागा आडव्या झाल्या होत्या, गाड्या भरणार कुठून?" ते वादळ मी त्या ओळींना जोडलं होतं. या सॉफ्टवेअरमध्ये एकेका पायरीचा चौकोन ठेवून ते बाणांनी जोडायचे असतात; असा एकेक निर्णय त्या चौकोनांच्या आणि बाणांच्या जाळ्यात होता. मूळ फाइली सुरक्षित आहेत, निर्णय गेले. आता काकांना परत तेच विचारायचं?

भाव कधी पडेल याचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलचं तर बोलूच नका. शिकवायच्या आणि तपासायच्या ओळी यादृच्छिक वाटल्या जातात, त्या वाटपाचा बीजांकही, म्हणजे तेच वाटप परत मिळवून देणारा आकडाही, त्याच फाइलीत होता. आता सगळं नव्याने उभं केलं तरी आकडे थोडे इकडेतिकडे होणार, आणि आधीच्या अहवालात लिहिलेले आकडे जुळत का नाहीत, याचं उत्तर मी द्यायचं.

शोधायचं ते सगळं शोधलं. टेम्प फोल्डर उपसला, अ‍ॅपडेटामधले लपवलेले फोल्डर उघडून बघितले, विंडोजच्या 'मागील आवृत्त्या' रिकाम्या. सॉफ्टवेअर आपल्या कामाची नोंद ठेवतं ती लॉग फाइल वाचली. तिच्यात शेवटची ओळ काय? 'प्रोजेक्ट यशस्वीरीत्या सेव्ह झाला.' अंगाचा तिळपापड झाला.

बॅकअपवाल्यांनाही सांगतो. आदल्या रात्रीची प्रत पेन ड्राइव्हवर आहे. दिवसभराचं काम त्यात नाही, कसं असेल? दर दहा मिनिटांनी माणसाने पेन ड्राइव्ह लावत बसायचं का? मागच्या चार-पाच प्रती नावापुढे तारीख-वेळ लावून आपोआप ठेवणं या प्रोग्रामला सहज जमलं असतं. फाइल असते केवढी? चौकोन, बाण आणि सेटिंग, काही केबींचा खेळ. डेटा एवढा मोठा आहे म्हणून परवडत नाही, ही सबब इथे चालतच नाही.

सपोर्टला सगळं सविस्तर लिहिलं. नल भरलेली फाइल जोडली, लॉग जोडला, लॉक फाइलचं सांगितलं. उत्तर आलं की यूपीएस वापरा आणि सॉफ्टवेअर काढून परत इन्स्टॉल करा. परत इन्स्टॉल करून माझी फाइल कुठून येणार, एवढंच उलट विचारलं. त्यावर कोणी बोललं नाही. सकाळी बघतो तर तक्रारीपुढे 'निकाली' असा शेरा. काय निकाली निघालं, ते मला त्यांच्यापैकी कोणीतरी सांगावं.