बॅकबोन वाढवा, पण कॉलेजातल्या स्विचचंही बघा

नॅशनल नॉलेज नेटवर्क म्हणजे देशातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणारं सरकारी वेगवान नेटवर्क, त्याच्या मुख्य लाइनची (बॅकबोनची) क्षमता वाढवायलाच हवी असं तुमच्या लेखात म्हटलंय, शंभर टक्के पटलं. २०१० मध्ये या नेटवर्कला ५९९० कोटींची मंजुरी मिळाली तेव्हा मी नुकताच एका कॉलेजात लॅबचं काम बघायला लागलो होतो आणि आमच्याकडे १ गिगाबिटची लाइन आली तेव्हा सगळे बघायला सर्व्हर रूममध्ये जमले होते, इतका आनंद झाला होता. पण त्या लाइनला पुढे जोडलेला स्विच, म्हणजे ती लाइन कॉलेजातल्या कॉम्प्युटर्सना वाटून देणारा डबा, होता जुना, १०० मेगाबिटचा, म्हणजे दहापट हळू, आणि तो पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला. आता हिशोब करा, १ टेराबाइट डेटा १ गिगाबिटवर सव्वादोन-अडीच तासांत जातो, तोच १०० मेगाबिटवर जवळजवळ पूर्ण दिवस खातो, आणि मध्येच लाइट गेली की परत पहिल्यापासून. शेवटी आमची एक पीएचडीची मुलगी हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीने पुण्याला घेऊन जायची, मला फार वाईट वाटायचं.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा किंवा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतून येणारा डेटा, त्यांना मोठी लाइन लागतेच, द्याच. फक्त अपग्रेडच्या बजेटमध्ये कॉलेजच्या आतलं फायबर, स्विच, यूपीएस आणि ते सांभाळणारा एक पर्मनंट माणूस एवढं धरा ना, कंत्राटावरचा मुलगा काम शिकतो तोवर त्याची मुदत संपलेली असते.