तिकडं माणूस एकटाच जातो

गेल्या आठवड्यात भावकीच्या ग्रुपवर चुलतभावानं लिहिलं, 'तिकडं केमोला माणूस एकटा जातो. आपल्याकडं अख्खं घर उभं राहतं.' खाली अंगठ्यांची रांग. विषय होता गावातल्या एका निवृत्त मास्तरांचा. तोंडाचा कॅन्सर निघालाय, पण त्यांना सांगायचं की नाही? बहुमत 'नको'. साधी गाठ म्हणा, नाहीतर माणूस हाय खातो. ज्यांनी आम्हाला वाचायला शिकवलं त्यांचा रिपोर्ट त्यांच्यापासूनच लपवायचा! मी एकट्यानं लिहिलं, सांगा. त्यावर हा टोला.

कचऱ्याचा बिन बाहेर ढकलताना वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

एकटा जातो हे खरंच आहे. इथं इंग्लंडात, लेस्टरला आमच्या शेजारची बाई, सत्तरी ओलांडलेली, टॅक्सीनं केमोला जायची आणि टॅक्सीनंच यायची. मुलगा ब्रिस्टलला. पण तिला पहिल्याच दिवशी खोलीत बसवून, कॅन्सर हा शब्द उच्चारून सांगितलं होतं. सांगताना शेजारी नर्स होती. त्या नर्सचा नंबर फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेला मी पाहिलाय. कुठली ट्रीटमेंट घ्यायची, कुठली नाही, ते म्हातारीनं स्वतः ठरवलं. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. संशयावरून पाठवलेल्या पेशंटचे उपचार 62 दिवसांत सुरू व्हावेत हा इथला नियम किती वेळा मोडतो, ते लिहिलं नाही.

आणि 'अख्खं घर' म्हणजे नेमकं कोण?

2023 च्या पावसाळ्यात आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. फुले योजनेतून बार्शीला उपचार झाले. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज लाईट, म्हणजे रेडिएशन, आठवड्याला एक केमो. कळंबहून येरमाळ्यावरून बार्शी, एसटीनं. नुकतंच बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून दोन बायकांचा प्रवास एका तिकिटात. या दोन बायका म्हणजे आई आणि वहिनी. रेडिएशनच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची असते. वहिनीनं लिटरच्या बाटलीवर पेनानं रेघ मारली होती. नंबर जवळ आला की रेघेपर्यंत पाजायचं, मग आईला उगाच बोलण्यात गुंतवायचं. नंबर लांबला तर सगळं पहिल्यापासून. घरी येऊन स्वयंपाक, धारा, पोरांचा अभ्यास. दादा पहिल्या दिवशी गेला आणि शेवटच्या दिवशी. मामा एकदा शहाळी घेऊन आले, फोटो काढला. मी पैसे पाठवले. फोटोखाली 'फॅमिली इज एव्हरीथिंग' असं मीच लिहिलं होतं, ते अजून आहे.

चुलतभावाच्या घरात असं कुणी आजारी पडलं तर घर उभं राहील, यात शंका नाही. त्याच्या बायकोला विचारायला हवं.

गंमत म्हणजे आमचा भाग या आजाराला नवखा नाही. बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली अशी पहिलीच नोंदवही. आमच्या जिल्ह्यातले परांडा आणि भूम तालुके तीत आहेत. पुढं 1999 च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात (धाराशिव म्हणायची सवय इथं बसून लागत नाही) 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार बायकांवर मोठा अभ्यास सुरू झाला. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो त्याची, तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगापुढं आलं. माझ्या बायकोला जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, स्मिअरचं पत्र येतं, तेव्हा होते ती एचपीव्हीचीच तपासणी. इथल्या मित्रांना मी हे छाती फुगवून सांगतो. त्याच अभ्यासात 31 हजारांवर बायका तुलनेसाठी तपासणीविना होत्या, ते मात्र गाळतो. आई तेव्हा पंचेचाळिशीची. आमचं गाव कुठल्या गटात होतं, तिला माहीत नाही. 'एकदा जीप आली होती, मी खुरपायला गेलते,' एवढंच तिला आठवतं.

इतकं मोजून झालं, तरी घरात शब्द काढायची चोरी. दादानं सगळ्यांना बजावलं होतं, 'पिशवीला सूज आहे' एवढंच म्हणायचं. मला ते सहन होईना. तिचं शरीर, तिला माहीत नको? उपचार सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, माझ्या लंच ब्रेकमध्ये मी व्हिडिओ कॉल लावला आणि सांगून टाकलं. कॅन्सर आहे, बरा होतो, घाबरू नकोस. इथं कसं सांगतात ते पाहिलेलं होतं, अगदी तसंच, आवाज न चढवता.

आई रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, 'बरं. मग तू कदी यायलास?'

पाच मिनिटांत टीमचा कॉल होता. मी म्हणालो, बघतो, दिवाळीत जमतंय का. दिवाळीत जमलं नाही. गेलो ते फेब्रुवारीत, तोवर आईचे केस विंचरायची वेळही वहिनीच्या वेळापत्रकात बसून गेली होती, आणि मी घरात पाहुण्यासारखा कुठं बसू ते शोधत होतो.

परतायच्या आदल्या रात्री वहिनी पेढ्याचे पुडे बॅगेत लावत होती. कुंथलगिरीचे, मला आवडतात म्हणून. मान वर न करता म्हणाली, 'भावजी, तुम्ही सांगितलंत ते बरंच केलंत. मलाबी त्यांच्याशी खोटं बोलायचं जिवावर यायचं. पण त्या दिवशी मी रानात होते, हे बाहेर. तुमचा फोन ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत आत्याबाई घरात एकट्याच होत्या. चूलबी पेटली नव्हती.'

चुलतभावाला उत्तर लिहिलं होतं, चांगलं लांबलचक. शेजारणीचा फ्रिज, तो नंबर, सगळं होतं त्यात. पाठवलं नाही. मास्तरांच्या थोरल्या मुलाला वेगळा मेसेज केला. सांगणार असाल तर संध्याकाळी सांगा, सगळे घरी आल्यावर.