शेजारच्या देशातल्या पोरांवर व्यवस्थित कसं चिडायचं

जेईईचा रँक लागला, हवी ती ब्रँच हुकली, घरात सुतकी वातावरण आहे. अशा वेळी सगळ्यात आधी एक नेपाळी मुलगा शोधा. एखाद्या एनआयटीत सापडेलच. नेपाळी नाही मिळाला तर बांगलादेशी चालेल, श्रीलंकेचा पण चालेल, फक्त शेजारचा हवा. मग फॅमिली ग्रुपवर टाका की आमच्या बंड्याची सीट यानेच खाल्ली.

एकच पथ्य पाळायचं, नियम वाचायचे नाहीत. वाचलेत तर कळेल की परदेशी मुलांच्या या जागा सुपरन्यूमररी असतात, म्हणजे मंजूर जागांच्या वर, 15 टक्क्यांपर्यंत, आणि त्यातला एक तृतीयांश भाग तर आखातात काम करणाऱ्या आपल्याच लोकांच्या मुलांसाठी. काठमांडूचं ते पोरगं आलंच नाही तरी ती सीट बंड्याकडे येत नाही, ती नुसती रिकामी राहते. हे एकदा कळलं की निम्मा राग तिथेच जातो, म्हणून म्हटलं, वाचू नका. ‘डासा’चे, म्हणजे या परदेशातल्या मुलांच्या प्रवेशयोजनेचे, कटऑफ आपल्यापेक्षा बरेच खाली जातात, हे मात्र जोरात सांगा कारण ते खरंच आहे. 2021-22 पासून तिथेही जेईई मेनचाच रँक लागतो, हे हळू सांगितलं तरी चालेल.

आकड्यांपासूनही लांबच राहा. सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2021-22 ला देशभरात परदेशी विद्यार्थी होते 46,878, त्यातले साधारण 28 टक्के नेपाळचे, आणि एकूण विद्यार्थी 4 कोटी 33 लाख. तुम्ही आपलं "लोंढे" म्हणा, लोंढे मोजायला कोण बसतंय.

एनआरआय कोट्याचा विषय तर काढूच नका. इनामदार खटल्यात 2005 ला सुप्रीम कोर्टाने खाजगी कॉलेजांना 15 टक्क्यांपर्यंत मुभा दिली, आणि या जागा मंजूर जागांच्या आतल्याच बरं का, वरच्या नाहीत. 2024 मध्ये पंजाब सरकारने तर काका, मामा, आत्या, चुलतभाऊ असं सगळं खानदान एनआरआयच्या व्याख्येत घुसवलं, शेवटी सुप्रीम कोर्टानेच याला फ्रॉड म्हटलं. पण तिथे भांडायचं म्हणजे ओळखीच्या लोकांशी भांडायचं, पुढच्या लग्नात समोरासमोर येणार ते! नेपाळी मुलाचं बरं असतं, तो तुमच्या ग्रुपवर नसतो.

भाचा ढाक्याला एमबीबीएस करत असेल तर तेही जरा सांभाळून. बांगलादेशच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत सार्क देशांच्या मुलांना राखीव जागा आहेत, त्यात आपली मुलं पण जातात. ते म्हणजे दोन देशांचे मैत्रीपूर्ण संबंध. उलट्या दिशेने झालं की लांगूलचालन. एवढं पाठ करून ठेवा.

आता खरीच तक्रार करायची असेल तर एक जागा आहे, पण तिथे मजा नाही. यूजीसीने 2022 ला परदेशी मुलांसाठी 25 टक्क्यांपर्यंत जादा जागांना परवानगी दिली, आता या जागा कागदावर वाढतात, हॉस्टेलच्या खोल्या, लॅबमधली टेबलं आणि शिकवणारे मास्तर काही त्या हिशोबाने वाढत नाहीत. तिघांच्या खोलीत चौथी कॉट सरकवली की दार अर्धंच उघडतं, आणि त्याचा त्रास बंड्याला जेवढा होतो तेवढाच त्या नेपाळी पोरालाही होतो. हे विचारायचं तर कॉलेजला पत्र लिहा, माहिती अधिकारात अर्ज टाका, उत्तराची वाट बघत बसा. एवढा वेळ कोणाला आहे?

आणि हो, पोस्ट टाकायच्या आधी आपलीच टाइमलाइन एकदा बघून घ्या. 2024 ला कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांवर कॅप लावली तेव्हा "हुशार मुलांवर केवढा हा अन्याय" म्हणून तुम्ही जे लांबलचक लिहिलं होतं ना, ते आधी डिलीट करा.