टोकियोतला डावा हात

गेले काही महिने बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातील तालमींत आणि व्यायामशाळांत एक मजकूर मोबाइलवरून फिरत आहे. त्याचे म्हणणे असे की, हेविवेट बॉक्सिंगमध्ये नामांकित विजेत्याला कमी दर्जाचा मानला गेलेला बॉक्सर खेळून कधीच हरवू शकत नाही. तसे जेव्हा झाले, तेव्हा एक तर नशिबाने एखादा ठोसा लागला, नाहीतर विजेता गाफील होता, नाहीतर रेफरीची चूक झाली. दोघांची शरीरे पाहिली की निकाल कळतो, आणि याचा पुरावा म्हणजे तोच सामना पुन्हा लावला की असा बॉक्सर हरतोच. मजकुरासोबत माइक टायसन जमिनीवर पडल्याचे छायाचित्र आहे.

मी लष्करात असताना बॉक्सिंग केले आणि निवृत्तीनंतर खानापूर तालुक्यातील एका गावात, तालमीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, संध्याकाळी मुलांना शिकवतो. त्यांतील वजनदार गटातल्या एका मुलाने स्पर्धेची जोड कळताच नाव मागे घेतले, कारण समोर राज्य पातळीवर पदक मिळवलेला मुलगा आला होता. “सर, त्याला हरवायला नशीबच लागतंय म्हणे, मग मार खायला कशाला जाऊ?” असे म्हणून त्याने हाच मजकूर माझ्यापुढे धरला. ज्या मजकुरामुळे एक तयार मुलगा रिंगमध्ये उतरायचा थांबला, त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला माझे काम वाटते.

पहिला मुद्दा नशिबाच्या ठोशाचा. छायाचित्र ज्या सामन्याचे आहे, तोच सामना घेऊ. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियो डोममध्ये तेव्हाचा जगज्जेता टायसन उतरला तेव्हा त्याच्या खात्यावर ३७ लढती आणि ३७ विजय होते, त्यांपैकी ३३ नॉकआउट. समोरच्या जेम्स ‘बस्टर’ डग्लसवर लास व्हेगासमध्ये पैजेचा भाव होता एकाला बेचाळीस, म्हणजे तो जिंकेल असे कोणालाच वाटत नव्हते. सामन्याच्या २३ दिवस आधी त्याची आई वारली होती. एवढे सगळेच सांगतात. सामना मात्र फार थोड्यांनी पहिल्या घंटेपासून पाहिलेला असतो.

पहिल्याच फेरीपासून डग्लसचा डावा हात टायसनच्या तोंडावर जात होता. डग्लसच्या पसरलेल्या हातांची लांबी ८३ इंच, टायसनची ७१. एक फुटाचा हा फरक टायसनच्या आधीच्या अनेक प्रतिस्पर्ध्यांकडेही थोड्याफार प्रमाणात होता. पण ते जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारून लगेच मागे सरत, आणि मागे सरणाऱ्या माणसावर झेप घेणे हाच तर टायसनचा खेळ होता. डग्लसने जॅब टाकला तो टायसनचे पाय थांबवण्यासाठी, त्याच्यामागून सरळ उजवा दिला, आणि तो बाजूला सरकला. टायसन वाकून आत शिरला की डग्लस खालून अपरकट देई किंवा त्याला मिठीत धरून ठेवी, म्हणजे जवळून हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, मारायला टायसनच्या हातांना जागाच उरत नसे. रेफरीने सोडवले की पुन्हा पहिल्यापासून जॅब. हे एक-दोनदा करणे सोपे आहे. दहाव्या फेरीपर्यंत करत राहण्यासाठी दम लागतो, आणि समोर टायसन असताना घाबरून लय न सोडण्यासाठी त्याहून अधिक काही लागते.

मधल्या फेऱ्यांत टायसनचा डावा डोळा सुजून मिटत गेला. सूज दाबण्यासाठी गार ठेवलेली धातूची पट्टी प्रत्येक बॉक्सरच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये तो बसतो त्या कोपऱ्यात, असते. टायसनच्या माणसांनी ती आणलीच नव्हती, आणि ते रबरी हातमोज्यात बर्फाचे पाणी भरून डोळ्यावर धरत होते. दहाव्या फेरीत आधी अपरकट आला, मान मागे गेली, त्यावर आणखी चार ठोसे बसले, आणि टायसन व्यावसायिक कारकिर्दीत प्रथमच खाली पडला. हाता-गुडघ्यांवर रांगत, पडलेला माउथपीस चाचपत तो उठला तेव्हा दहा आकडे मोजून झाले होते. यातला कोणता ठोसा नशिबाचा म्हणायचा? शेवटच्या ठोशाआधी नऊ फेऱ्यांचे काम झाले होते. यात्रेच्या मैदानात कोल्हापूर किंवा दावणगेरेहून आलेला मोठा मल्ल गावच्या पोराकडून चितपट झाला, की मागच्या रांगेतला माणूस ‘डाव लागला’ एवढेच म्हणतो. हौद्याच्या कडेला बसलेल्या वस्तादाने मात्र पोराने वीस मिनिटे खडाखडीत त्याची मान कशी ओढून ठेवली आणि दम कसा काढला हे पाहिलेले असते.

रेफरीच्या चुकीचा मुद्दा याच सामन्यातला आहे, तो इथेच संपवतो. आठव्या फेरीच्या अखेरीस टायसनच्या अपरकटने डग्लस पडला, आणि रेफरीची मोजणी टाइमकीपरच्या मोजणीमागे राहिली हे खरे आहे. पण पडलेल्या बॉक्सरने पाहायचे असते ते रेफरीच्या आकड्याकडे, आणि डग्लस नऊच्या आकड्याला उभा राहिला. पुढच्या फेरीत टायसन त्याला संपवायला धावून आला, तेव्हा दोरांवर मार खाण्याची पाळी टायसनवरच आली. रेफरीच्या चुकीने ती नववी फेरी कशी जिंकली गेली, याचे उत्तर या मजकुरात नाही.

आता विजेता गाफील असण्याचा मुद्दा. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. टायसनने १९८८ मध्ये आपला जुना प्रशिक्षक केविन रूनी याला दूर केले होते, आणि टोकियोतल्या सरावात ग्रेग पेजने त्याला खाली पाडले होते. एप्रिल २००१ मध्ये तेव्हाचा जगज्जेता लेनॉक्स लुईस दक्षिण आफ्रिकेत ब्रॅकपॅनला उशिरा पोहोचला. उंचावरच्या विरळ हवेची सवय व्हायला त्याला पुरेसे दिवस मिळाले नाहीत, आणि पाचव्या फेरीत हासिम रहमानच्या उजव्या हाताने त्याला आडवे केले. हा सामना एका ठोशाचा होता हेही मान्य. पण रहमान तिथे कितीतरी आधी जाऊन सराव करत होता, आणि तीच हवा दोघांनाही होती. एकाने तयारी केली नाही ही चूक धरायची, आणि दुसऱ्याने ती केली हे हिशेबातच घ्यायचे नाही, हा न्याय मला पटत नाही.

शिवाय विजेता पूर्ण तयारीत असताना हरल्याची उदाहरणे या मजकुराने टाळली आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला व्लादिमिर क्लिच्को उतरला तेव्हा तो अकरा वर्षे हरला नव्हता, आणि त्याची शिस्त सर्वांना ठाऊक होती. टायसन फ्युरीने त्याला पाडले नाही. त्याने खांदा आणि डोके हलवून ठोशाचा नुसता आभास करायचा, पवित्रा उजवा-डावा बदलायचा, आणि क्लिच्को जॅबसाठी पाय रोवतो तेवढ्यात तिथून निघून जायचे, असे बारा फेऱ्या केले. बारा फेऱ्यांत क्लिच्कोचे जेमतेम पन्नासेक ठोसे लागले, आणि तिन्ही जजांनी फ्युरीला विजयी ठरवले. नामांकित माणसाला त्याचा नामांकित ठोसा मारूच न देणे ही खेळूनच जिंकण्याची रीत आहे, आणि प्रेक्षकाला ती कंटाळवाणी वाटली म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

केन नॉर्टनची रीत आणखी वेगळी होती. मार्च १९७३ मध्ये सॅन दिएगोत त्याच्यासमोर मुहम्मद अली होता, आणि नॉर्टनचे नाव तोवर फारसे कोणी घेत नसे. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने हेरले होते की अली जॅब मारताना उजवा हात बचावासाठी हनुवटीजवळ ठेवत नाही. म्हणून नॉर्टनला सांगितले गेले की अलीने जॅब मारला की त्याच क्षणी तूही जॅब मार. मागे सरकून मग उत्तर देणाऱ्या सगळ्यांचा ठोसा अलीपर्यंत उशिरा पोहोचे. नॉर्टनचा डावा मात्र त्याच वेळी पोहोचत होता. त्या सामन्यात अलीचा जबडा मोडला, आणि निकाल नॉर्टनच्या बाजूने लागला.

शरीराच्या मुद्द्यावर फार लिहावे असे वाटत नाही. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जगज्जेत्या अँथनी जोशुआसमोर अँडी रुईझ उभा राहिला तेव्हा त्याच्या पोटाकडे पाहून लोक हसले. तो मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकल्यामुळे ऐनवेळी आलेला, जोशुआपेक्षा चार इंचांनी बुटका आणि सुमारे १२१ किलो वजनाचा. तिसऱ्या फेरीत तो आधी स्वतः पडला. उठल्यावर जोशुआ त्याला संपवायला जवळ आला, आणि त्या जवळच्या अंतरात रुईझचे हात जोशुआपेक्षा वेगवान ठरले: कानशिलावर बसलेल्या डाव्या हुकने जोशुआचे पाय गेले. सातव्या फेरीपर्यंत जोशुआ एकूण चार वेळा पडला आणि सामना थांबवावा लागला. पोट सर्वांना दिसत होते, हातांचा वेग पाहायला आधीच्या लढती पाहाव्या लागल्या असत्या. आपल्या भागातही खुराकाने फुगलेल्या दंडांकडे पाहून इनाम बोलणारे पुष्कळ आहेत.

शेवटचा मुद्दा पुन्हा लावलेल्या सामन्याचा, आणि मजकुराचा सगळा भार याच्यावर आहे. एक तर ही गोष्ट सरसकट खरी नाही. कॅशियस क्लेने जगज्जेत्या सनी लिस्टनला १९६४ मध्ये हरवले, आणि १९६५ मध्ये, मुहम्मद अली झाल्यावर, पुन्हा हरवले. संपला म्हणून सोडून दिलेल्या इव्हँडर होलीफिल्डने नोव्हेंबर १९९६ मध्ये टायसनला अकराव्या फेरीत थांबवले; पुढच्या वर्षीच्या सामन्यात टायसन कान चावल्यामुळे बाद झाला.

आणि जिथे दुसरा सामना नामांकित बॉक्सरने जिंकला, तिथे तो कसा जिंकला हे पाहावे. सप्टेंबर १९९४ मध्ये वेम्बलीत ऑलिव्हर मॅकॉलने लेनॉक्स लुईसला दुसऱ्या फेरीत उजव्या हाताच्या एका प्रतिठोशाने पाडले. तो ठोसा मॅकॉलचा प्रशिक्षक इमॅन्युएल स्ट्युअर्ड याने लुईसचे दोष पाहून तयार करून घेतला होता. त्यानंतर लुईसने काय केले? त्याने त्याच स्ट्युअर्डला आपला प्रशिक्षक नेमले. नशिबाचा ठोसा लागला असे त्याला वाटले असते, तर गुरू बदलायची गरज काय होती?

जो लुईसचे उदाहरण याहून जुने आहे आणि मी मुलांना तेच सांगतो. १९३६ मध्ये तो अजिंक्य होता, आणि तिशीच्या मॅक्स श्मेलिंगला जिंकण्याची संधी आहे असे फार थोड्यांना वाटत होते. श्मेलिंगने लुईसच्या लढती पाहून एक गोष्ट टिपली: जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात हनुवटीकडे परत न येता खाली पडतो. १९ जून १९३६ रोजी त्याने त्या खाली गेलेल्या हातावरून आपला उजवा पुनःपुन्हा टाकला. चौथ्या फेरीत लुईस पडला आणि बाराव्या फेरीत संपला. २२ जून १९३८ रोजी लुईसने त्याला १२४ सेकंदांत उडवले हे खरेच आहे. पण त्या दुसऱ्या सामन्यात श्मेलिंगला त्या हातावरून उजवा टाकायला फारसा अवसर मिळाला नाही, आणि तो मिळू नये याची व्यवस्था लुईसला करावी लागली.

शेडच्या भिंतीवर मी प्रत्येक मुलाच्या हनुवटीच्या उंचीला खडूची रेघ मारली आहे. जॅब मारायचा आणि मूठ त्या रेघेवरून परत आणायची, खाली आली की मी उजव्या हातातल्या पॅडने गालावर हलकेच थाप देतो. नाव मागे घेतलेल्या त्या मुलाला मी परवा त्याच भिंतीपाशी बसवून त्या पदकविजेत्या मुलाच्या जुन्या लढतीचे मोबाइलवरचे चित्रण दाखवले. दुसऱ्या फेरीपासून, दमल्यावर, त्याचा डावा हात छातीपर्यंत खाली येऊन मग वर जातो. मुलाने तो भाग तीनदा मागे नेऊन पाहिला, आणि विचारले, “सर, पहिल्या फेरीतपण येतो काय बघूया?”