लिंबूटिंबूंपासून सावध

आमच्या परभणीच्या कॉलेजची हॉकी टीम चांगली होती, अन् सगळी भानगड तिथंच होती. औरंगाबादला साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, टर्फवर घाम गाळलेली पोरं समोर आली की आम्ही अकराच्या अकरा जण डीमधी, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, ठाण मांडायचो आणि १-२ नं हारायचो, म्हणजे इज्जतीत. पण समोरचे म्हैस हाकल्यासारखी स्टिक धरून मैदानात उतरले की आमचा फुलबॅकसुद्धा फॉरवर्ड व्हायचा, गोलकीपर हवा खात सेंटरलाइनपर्यंत यायचा, पास कोणी कोणाला द्यायचा नाही कारण घरी सांगायचं असायचं ना, मी चार मारले!

त्यात शिकलेला प्लेअर बॉल कुठं मारणार ते जरा तरी कळतं हो, नवशिक्याला स्वतःलाच माहीत नसतं तिथं आपल्याला काय डोंबल कळणार? वर आमचं काळ्या मातीचं भेगाळलेलं ग्राउंड, बॉल तिसरीकडंच उडायचा.

एकदा तर कहर झाला. अशाच एका टीमला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि तो घ्यायचा कसा तेच त्यांना माहीत नाही. आम्ही पाच जण गोललाइनमागं वाकून तयार, अन् हे एकमेकांच्या तोंडाकडं बघायलेत. आमच्या कॅप्टनला दया आली. गेला समजवायला, "बघ भाऊ, बॉल आधी डीच्या बाहेर जाऊ द्यायचा, मग आत घेऊन मारायचा, अन् पहिला फटका गोलमधल्या खालच्या फळीच्या वर नको." पोरगं लई आज्ञाधारक. खटाक्! बरोब्बर फळीवर. हारलो ०-१.

सर चार दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मग २०१८ ची एशियन गेम्स आली. भारतानं हाँगकाँगला २६-०, श्रीलंकेला २०-० असं धुतलं, गटात ७६ गोल, अन् सेमीफायनलला मलेशियाशी २-२ करून शूटआऊटमध्ये ६-७ नं गेले! वर गोल्ड कोणाला, तर गटात ज्याला ८-० नं हाणलं होतं त्या जपानला. हॉस्टेलवर सगळे डोकं धरून बसलेले, आमचा गोलकीपर तेवढा खुशीत, "सर, बघा, आपण नॅशनल लेव्हलचं खेळायलोत."

सर काही बोलले नाहीत, पण पुढच्या ड्रॉला जाताना देवाला नारळ फोडून गेले म्हणे, पहिलीच मॅच तगड्या टीमशी पडू दे म्हणून.